कोण गेले ते लिहा

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे, फार मोठी नाही, दोन वितीची असेल. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरं त्याच भिंतीला टेकून बर्फाचे गोळे खायचो आणि त्या पाटीकडे कधी कुणी बघितलं नाही, कारण ती इंग्रजीत होती आणि आमचं इंग्रजी तेव्हा एबीसीडीच्या पुढे गेलेलं नव्हतं. पुढे कॉलेजला असताना एकदा ती वाचली. या गावातून १९१४-१९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले. बस, एवढंच. गेलेल्यांचा आकडा दोन अंकी, परत न आलेल्यांचा एक अंकी. नाव एकाचंही नाही.

परवाच्या यात्रेला गेलो तेव्हा पाटी दिसेचना. चावडीला नवा डिस्टेंपर मारलाय आणि रंगाऱ्याने भिंतीबरोबर पाटीवरूनही ब्रश फिरवलाय, वर एका कोपऱ्यावर लाइटच्या मीटरची पेटी ठोकलेली. मी आणि मामेभावाने बादलीभर पाणी आणि फडकं घेतलं आणि घासत बसलो. अक्षरं खोदलेली आहेत त्यामुळे रंग खाचेत जाऊन बसलेला, तो शेवटी झाडूच्या काडीने उकरून काढावा लागला. आमचं हे चाललेलं बघून समोरच्या घरातल्या आजी ओट्यावर येऊन बसल्या, त्या आता नव्वदीच्या पुढच्या आहेत. म्हणाल्या, "काय घासताय रं पोरांनो?" मी सांगितलं की लढाईला गेलेल्यांची पाटी आहे. तर त्या लगेच म्हणाल्या, "आमच्या सासऱ्याचा चुलता गेलता की बसऱ्याला. पुन्यांदा आलाच न्हाई."

बसऱ्याला! इराकातलं बसरा. जी बाई आयुष्यात कराडच्या पलीकडे फारशी गेली नसेल तिच्या तोंडात बसरा हे नाव असं आलं जसं आपण वाई म्हणतो. मी विचारलं नाव काय त्यांचं, तर त्यांना आठवेना. बराच वेळ आठवत बसल्या, मग म्हणाल्या घरात त्याला थोरला म्हणायचे.

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये. गावात त्या माणसाची पाटी आहे, शंभर वर्षं आहे, संगमरवराची आहे, आणि तरी त्याचं नाव गावाला माहीत नाही कारण पाटी लावणाऱ्याने ते लिहिलंच नाही. आठवण राहावी म्हणून जो दगड बसवला त्यानेच त्या माणसाचा आकडा करून टाकला.

अशा पाट्या काही आमच्याच गावात नाहीत. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे, या पट्ट्यात कुठल्याही जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर बघा, साधारण त्याच मजकुराची पाटी सापडण्याची बरीच शक्यता आहे. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिथले एकट्या पहिल्या महायुद्धात ४६ जण मारले गेले. एका गावातले ४६. त्या गावाने निदान ती ओळख जिवंत ठेवली, नावातच मिलिटरी लावून घेतलं. बाकी गावांनी पाटीवर डिस्टेंपर मारला, आणि त्यात मी गावाला दोषही देत नाही, कारण परक्या भाषेत लिहिलेला नुसता आकडा कुणी किती दिवस जपेल?

आता बसऱ्याला काय झालं हे थोडं सांगतो, कारण हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही, आपल्या इतिहासाच्या पुस्तकात पहिलं महायुद्ध म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजपुत्राचा खून आणि व्हर्सायचा तह. १९१४ च्या शेवटी इंग्रजांनी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, फौज उतरवली आणि ती फौज मुख्यतः हिंदी होती. त्यात जी सहावी डिव्हिजन होती तिचं नावच पूना डिव्हिजन. मराठा पलटणी त्यात होत्या. बगदादच्या दिशेने पुढे जाताना मार खाऊन ही फौज मागे फिरली आणि टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत नावाच्या गावात अडकली. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळजवळ पाच महिने तुर्कांचा वेढा. धान्य संपलं, घोडे मारून खायची वेळ आली आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला, शेवटी साधारण १३,००० माणसं शरण गेली, त्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि त्यातले कितीतरी वाटेतच मेले. एकूण युद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं समुद्रापार गेली आणि ७४,००० च्या आसपास परत आली नाहीत. आजींच्या सासऱ्याचा चुलता यातलाच एक. तो कूतला मेला, की हॉस्पिटलात तापाने गेला, की त्या चालीत पडला, हे आज घरात कुणालाच माहीत नाही.

नाव न लिहिण्याची ही गोष्ट नुसत्या चावडीवरच्या पाटीपुरती नाही हे मला नंतर कळलं आणि खरं सांगतो, त्या दिवशी झोप लागली नाही. बसऱ्याला युद्धातल्या बेपत्ता मृतांचं मोठं स्मारक आहे, ४०,००० हून जास्त माणसांचं. त्याच्या भिंतीवर ब्रिटिश शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचंही नाव आहे, पण साधा हिंदी शिपाई, नाईक, हवालदार यांचा पलटणीनुसार फक्त आकडा! अमक्या पलटणीचे अधिकारी, त्यांची नावं, आणि बाकीचे इतके इतके. दगड कमी पडला असेल असं म्हणावं तर तेही नाही, कारण फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला जे स्मारक आहे त्यावर ४,७०० हून जास्त हिंदी नावं खोदलेली आहेत. युरोपात नाव आणि इराकात आकडा. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ साली स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की हिंदी आणि आफ्रिकी मिळून ४५,००० ते ५४,००० मृतांना बरोबरीची वागणूक मिळाली नाही, आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली.

आणि गंमत नाही, दुःख वाटतं ते याचं की नावं माहीत होती. प्रत्येक मृताच्या घरी त्याच सरकारने काशाची एक चकती पाठवली होती, तळहातापेक्षा थोडी मोठी, तिच्यावर त्या माणसाचं नाव उठावाच्या अक्षरात, हुद्दा नाही, नुसतं नाव. म्हणजे घरात पाठवलेल्या चकतीवर नाव आणि चारचौघात लावलेल्या पाटीवर आकडा. त्या चकत्या पुढे दुष्काळात, घर वाटून घेताना, भंगारवाल्याकडे गेल्या. पाटी राहिली, नाव गेलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की स्मारकाच्या फलकावर कोण आणि काय झालं हे दोन्ही पाहिजे, गावाच्या भाषेत पाहिजे, आणि ते नसेल तर तो फलक कितीही भारी दगडाचा असू दे, गावाचा होत नाही.

नाव लिहिलेलं असलं तर काय होतं याचं आपल्याच महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण भीमा कोरेगावचा स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो आपल्या पलटणीच्या गौरवासाठी उभा केला, आपल्या लोकांच्या गौरवाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पण त्यांनी त्यावर पडलेल्यांची नावं कोरली. ४९ नावं, आणि त्यातल्या २२ नावांच्या शेवटी नाक आहे, म्हणजे ते महार शिपाई. शंभरेक वर्षांनी १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि आज तिथे दरवर्षी लाखो माणसं जातात. त्या स्तंभाचा अर्थ काय यावर आपल्याकडे किती वाद आहेत ते मला माहीत आहे, त्यात मी आत्ता शिरत नाही. मला फक्त हे दाखवायचंय की लावणाऱ्याचा हेतू काहीही असो, नाव कोरलेलं होतं म्हणून त्या नावांची माणसं शंभर वर्षांनी येऊन म्हणू शकली की हे आमचे आहेत. आकड्याला असं कुणी आमचा म्हणत नाही.

यावर माझा एक मित्र, तो वीरगळांच्या, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या आठवणीसाठी कोरलेल्या जुन्या दगडांच्या मागे गावोगाव फिरणारा माणूस आहे, मला म्हणाला की अरे मग आपल्या वीरगळांचं काय, त्यांच्यावर तरी कुठे नावं आहेत? बरोबर आहे त्याचं. कर्नाटकात वीरगळावर बऱ्याचदा लेख असतो, आपल्याकडे बहुतेक वीरगळ मुके. पण मुके म्हणायचं का खरं तर? देवळाबाहेर पडलेला वीरगळ कधी नीट खाली बसून बघा. सगळ्यात खालच्या चौकटीत तो माणूस लढतोय नाहीतर आडवा पडलाय, आणि शेजारी गाई कोरल्या असतील तर गावाची गुरं पळवून नेत होते ती सोडवताना तो मेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतायत, वरच्या चौकटीत तो शंकराच्या पिंडीपुढे बसलाय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे जोवर ते आहेत तोवर. अक्षर न येणाऱ्या माणसालाही कळेल असा फलक आहे हा! नाव नाही पण घडलेली गोष्ट सगळी आहे. बोरिवलीला एक्सर गावातले वीरगळ बघा, त्यावर तर जहाजं कोरलीयत, वल्ही मारणारे खलाशी आहेत, समुद्रावरची लढाई आहे. शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात तेराव्या शतकात जी लढाई झाली तिच्याशी बरेच अभ्यासक ते जोडतात. आज त्याच्या चारी बाजूंनी बिल्डिंगी आहेत आणि लोक देव म्हणून हार घालतात.

हे हार घालणं आणि शेंदूर लावणं, यावरून बरेच इतिहासप्रेमी गावकऱ्यांवर चिडतात, मला ते अजिबात पटत नाही. शेंदराने कोरीव काम बुजतं हे खरं आहे, ऑइलपेंटने तर दगड खराबच होतो, तो थांबवला पाहिजे. पण सातशे वर्षं तो दगड कुणी फोडून पायात घातला नाही तो त्या शेंदरामुळे. ज्याला देव मानलं त्याला माणूस धक्का लावत नाही. पंढरपूरच्या देवळातला चौऱ्यांशीचा लेख आठवा, शके ११९५, म्हणजे १२७३ पासूनच्या देणग्यांची त्यात नोंद आहे, रामदेवराव यादवापासून साध्या भक्तांपर्यंत, कुणी काय दिलं ते. लोकांनी त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो असं मानलं आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठी घासून अक्षरं झिजवली. पण विचार करा, अक्षर वाचता न येणाऱ्या वारकऱ्याने त्या दगडाशी काहीतरी नातं जोडून घेतलं. आमच्या चावडीवरच्या पाटीशी कुणी कसलं नातं जोडलं? मीटरची पेटी ठोकली.

आणि आज आपण जे फलक लावतोय ते यापेक्षा बरे आहेत का? कुठल्याही किल्ल्याच्या, लेण्याच्या पायथ्याशी जा, पहिला भेटतो तो निळा बोर्ड की हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून घोषित आहे, नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा पाहिजेच, लोक दगडावर बदाम काढून नावं लिहितात त्यांना दंड झालाच पाहिजे. पण बऱ्याच ठिकाणी तेवढाच बोर्ड असतो. इथे कोण राहिलं, कुणी बांधलं, कशासाठी, पाणी कुठून आणलं, यातलं काही नाही, पोरगं पाचवीतलं आईबापाबरोबर आलंय आणि त्याला त्या जागेबद्दल पहिली गोष्ट कळते ती शिक्षेची.

दुसरा प्रकार चौकातल्या कोनशिलेचा. एका चौकात मी स्वातंत्र्यसैनिकाच्या नावाची काळी ग्रॅनाइटची कोनशिला बघितली, वरून खाली अठरा ओळी. त्यातल्या दोन ओळी त्या माणसाच्या, त्याही नुसत्या नावाच्या. बाकी शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, अध्यक्ष, संकल्पना, सौजन्य, निधी. तो माणूस कुठल्या सत्याग्रहात होता, कुठल्या जेलमध्ये किती महिने होता, त्याचा धंदा काय, घर कुठल्या गल्लीत, एक अक्षर नाही. इंग्रजांनी निदान स्वतःच्या कलेक्टरचं नाव आमच्या पाटीवर घातलं नव्हतं. मला राग येतो याचा, आणि तो यायलाच पाहिजे असं मला वाटतं, कारण निधी लोकांचा आहे आणि दगडावर जागा किती ती ठरलेली असते, एक नाव वाढलं की एक ओळ इतिहास कमी होते.

लंडनमध्ये बाबासाहेब १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले तिथे निळा गोल फलक आहे. त्यावर नाव, जन्ममृत्यूची सालं, भारतातले सामाजिक न्यायाचे लढवय्ये अशा अर्थाची एक ओळ, आणि इथे अमुक साली राहिले, एवढंच. फलक कुणी उघडला ते नाही. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला पाच सेकंदात कळतं की कोण, कशासाठी मोठा, आणि इथे का. आपल्याला लंडनची नक्कल करायची गरज नाही, कारण हे आपल्याला एक हजार वर्षांपूर्वीच कळत होतं. सोलापूर जिल्ह्यात भीमा आणि सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे, तिथल्या संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा लेख आहे आणि त्याच्या शेवटी मराठीत लिहिलंय, "वाछि तो विजेया होईवा". जो वाचील तो विजयी होईल! वाचणाऱ्याला आशीर्वाद देणारा लेख, आपल्या भाषेतल्या सगळ्यात जुन्या ओळींपैकी एक. आणि आज आपण वाचणाऱ्याला दंड सांगतो नाहीतर सौजन्य.

आता यावर जे मला ऐकावं लागलं ते. पहिलं म्हणजे गावात प्यायला पाणी चार दिवसांनी येतं आणि तुला पाट्यांचं पडलंय. पाण्याचं काम पाटीमुळे अडलेलं नाही आणि गावातल्या एका फ्लेक्सच्या पैशात ही पाटी होते, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

दुसरा आक्षेप खरा वजनदार आहे आणि तो आमच्याच गावातल्या एका शिक्षकाने घेतला, म्हणजे तळमळीने घेतला. ते म्हणाले, ही माणसं इंग्रजांसाठी लढली, आपल्याला गुलाम ठेवणाऱ्यांसाठी, त्यांची पाटी स्वतंत्र देशात कशाला उजळायची? मी यावर बरेच दिवस विचार केला. त्या वेळी शिपायाला महिन्याला ११ रुपये पगार होता. कोरडवाहू जमीन, चार भाऊ, सावकार, त्यात दुष्काळाचं वर्ष, अशा घरातला पोरगा ११ रुपयांसाठी आणि घरी येणाऱ्या मनिऑर्डरीसाठी गेला. टिळकसुद्धा १९१८ मध्ये म्हणत होते की सैन्यात माणसं देऊ पण स्वराज्याचं वचन द्या, आणि मुंबईच्या युद्ध परिषदेत गव्हर्नरने त्यांना ते बोलू दिलं नाही म्हणून ते उठून बाहेर पडले. इतकं सगळं त्या काळात एकमेकांत गुंतलेलं आहे. मग ते सगळं लिहा ना पाटीवर! स्मारक म्हणजे आरती नाही. अमुक अमुक, वय इतकं, अमक्या पलटणीत शिपाई, पगार ११ रुपये, बसऱ्याला मेला, हे वाचून कुणाला साम्राज्याचं प्रेम वाटणार नाही, उलट साम्राज्याने आपल्या गावाकडून काय घेतलं ते पहिल्यांदा नीट कळेल. पाटी पुसून टाकली तर तो हिशोबच पुसला जातो.

तिसरी भीती बोलून दाखवत नाहीत पण असते, की नावं लिहिली की आडनावं येतात, आडनावं आली की जाती येतात, मग भांडणं. आमच्या गावातून मराठे गेले तसे महारही गेले असणार, रामोशीही गेले असतील. पण आकडा लिहून ठेवला तर ही सगळी नावं सारखी दिसत नाहीत, सगळी सारखी गायब होतात, आणि मग ज्याच्याकडे गावाचा माइक आहे तो म्हणतो की गेले ते आमचेच होते. भांडण टाळायचा मार्ग यादी छापणं हाच आहे, मूळ कागदात आहेत तशी, सगळी, एकाच मापाच्या अक्षरात, मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने.

आणि यादी मिळते. मी स्वतः बघितलंय. वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर मृतांची नोंद शोधता येते आणि हिंदी शिपायांच्या पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि शेवटी बॉम्बे असं सगळं आहे. म्हणजे भिंतीवर ज्यांचा आकडा केला त्यांची नावं रजिस्टरात शंभर वर्षं पडून होती. फक्त स्पेलिंगचा घोळ फार, साहेबाच्या कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे एकाच गावाची चार चार रूपं करून शोधावं लागतं. मोबाइलवर तीन रात्री बसलो तेव्हा आमच्या गावाच्या नावाशी जुळणाऱ्या काही नोंदी मिळाल्या, पाटीवरचा आकडा अजून पूर्ण भरलेला नाही. आजींच्या घरचं आडनाव नोंदीत नाहीच, कारण त्या रजिस्टरात बरीच माणसं नुसती नाव आणि बापाच्या नावाने आहेत. आता त्यांच्या सासऱ्याच्या आजोबांचं नाव काय होतं ते जुन्या सातबाऱ्यावरून, फेरफारावरून शोधतोय, ते मिळालं की बापाच्या नावावरून थोरला सापडेल. मामेभाऊ तलाठ्याकडे दोनदा जाऊन आला.

जुनी पाटी आहे तिथेच राहू द्यायची, तिला हलवून म्युझियमला वगैरे द्यायची नाही, तो आकडासुद्धा इतिहासच आहे. मीटरची पेटी हातभर सरकवायची. पाटीच्या खाली भिंतीत मोकळी जागा आहे, तिथे त्याच मापाचा दुसरा दगड, मराठीत, नावं आणि चार ओळींत बसरा म्हणजे काय. उद्घाटकाचं नाव नाही, देणगीदाराचं नाही, आमचंही नाही. सरपंचांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले ग्रामसभेत मांडा.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडतोय. तोवर आजी रोज संध्याकाळी मामेभावाला हाक मारून विचारतायत, "घावला का रं थोरला?"